आठवडा शुक्रवारी आखा, आणि घरच्या वेळा आधी लिहा

आठवड्याची आखणी रविवारी रात्री करावी असं पुष्कळजण सांगतात. मी ती शुक्रवारी दुपारी चार वाजता करते, आणि ज्यांचं काम तारखांवर चालतं त्या सगळ्यांना तेच सांगते. शुक्रवारी चार वाजता बाजार उघडा असतो, माणसं फोन उचलतात. सोमवारी लागणारी बिलं कोणाकडे अडकलीत हे तेव्हा लक्षात आलं, तर लगेच मागता येतात आणि शनिवार हाताशी असतो. तेच रविवारी रात्री नऊला लक्षात आलं तर करण्यासारखं काहीच नसतं. डोक्यातून मात्र ते जात नाही, आणि घरच्यांबरोबर बसलेलं असताना आपण तिथे नसतोच.

मी बडोद्याची. घर दांडिया बाजारात, ऑफिस रावपुऱ्यात. लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणं, जीएसटी आणि टीडीएसची (पैसे देतानाच कापून ठेवलेल्या कराची) रिटर्न भरणं हा माझा व्यवसाय. हाताखाली दोन मुली आहेत. नवरा नंदेसरीला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. घरात सासूबाई, दहावीतली लेक आणि पाचवीतला मुलगा. अशा घराला दर आठवड्याला तीच ती ठरलेली वेळ एकत्र मिळत नाही. ती दर आठवड्याला नव्याने शोधावी लागते. कशी शोधायची ते लिहिते. तुमच्याकडे शिफ्ट नसेल, रिटर्न नसतील, तरी रीत हीच चालते.

सगळ्यांच्या तारखा एकाच कागदावर

एका बाजूने छापलेला कागद घ्या आणि कोऱ्या बाजूवर सात उभे रकाने पाडा. आडव्या ओळी घरातल्या माणसांच्या, सगळ्यात खालची ओळ कामाची. मोबाइलमधलं कॅलेंडर मीही वापरते, पण ते माझ्याच हातात राहतं. कागद फ्रिजवर लागला की सासूबाईंना दिसतो, मुलांना दिसतो. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. नवऱ्याला प्लँटमध्ये फोन आत नेता येत नाही, पण परतीच्या बसमध्ये तो बघतो.

आता तारखा गोळा करा. आमच्याकडे त्या चार ठिकाणांहून येतात: प्लँटचा शिफ्टचा तक्ता, शाळेचे मेसेज, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आणि सरकारी मुदती. जे आपल्या हातात नाही ते पेनने लिहायचं. शिफ्ट, परीक्षा, पालकसभा, संकष्टी, श्राद्ध, टीडीएसची ७ तारीख, हे सगळं पेनने. बाकीचं पेन्सिलने. घरातलं कोणीही पेन्सिलीचं खोडू शकतं, पण खोडलेलं कुठे हलवलं तेही त्यानेच लिहायचं.

कालनिर्णयाचं काम सासूबाईंकडे आहे आणि ते त्यांच्याकडेच असावं असं मला वाटतं. पुढच्या आठवड्यात एकादशी आहे का, कोणाकडे सवाष्ण जेवायला जायचंय, दूधवाल्याचा हिशेब कधी द्यायचा, हे त्या चष्मा लावून वाचून दाखवतात आणि मी लिहिते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो त्या ऑक्टोबरातच सांगून ठेवतात. घरातल्या मोठ्या माणसाला "तुम्हाला काय कळणार माझ्या कामातलं" असं न म्हणता आखणीत बसवून घेतलं, तर निम्म्या आयत्या वेळच्या गोष्टी आयत्या वेळी येतच नाहीत.

मग सामाईक तास शोधा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच वगळला जातो. कामं लिहून झाल्यावर उरलेल्या वेळात घर बसवायचं असं केलं, की उरतं ते रात्री साडेनऊनंतरचं. तेव्हा कोणात काही राहिलेलं नसतं. म्हणून कामाची ओळ कोरी असतानाच घरच्या ओळी बघा. कोण कधी घरी आहे आणि जागं आहे, एवढंच बघायचं.

आमच्याकडे फर्स्ट म्हणजे सकाळी ६ ते २, सेकंड २ ते १०, नाइट १० ते ६. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. फर्स्टच्या आठवड्यात नवरा दुपारी घरी येतो, थोडा झोपतो, आणि संध्याकाळी पाच ते नऊ सगळे घरात. या आठवड्यात रात्रीचं जेवण एकत्र. ते साडेसातला होतं आणि त्यासाठी मी ऑफिसातून साडेसहाला निघते. नाइटच्या आठवड्यात तो संध्याकाळी उठून बसलेला असतो, पण पावणेनऊला निघतो; तेव्हा जेवणापेक्षा संध्याकाळचा चहा बरा पडतो, कारण चहाला घाई नसते.

अवघड आठवडा सेकंडचा. लेकीची शाळा सकाळची, मुलाची दुपारची. लेक पाऊण वाजता दारात येते तेव्हा तिचे बाबा बूट घालत असतात, आणि रात्री तो येईपर्यंत ती झोपलेली असते किंवा अभ्यासात असते. अख्खा आठवडा बाप-लेकीचं बोलणं "जेवलीस का" यापलीकडे जात नाही. म्हणून त्या आठवड्यात तो सकाळी सहाला उठतो आणि लेकीला स्कूटरवरून शाळेत सोडतो. रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा. सुरसागर तलावाच्या कडेने जाताना ती मागे बसून काल वर्गात काय झालं ते सांगते. समोरासमोर बसवून विचारलं तर तेच ती सांगत नाही. ही स्कूटरची वेळ आमच्या कागदावर पेनने लिहिलेली असते. दहावीच्या वर्षात तर ती खोडायचा प्रश्नच नाही. मुलाला मात्र याच आठवड्यात बाबा सकाळभर मिळतात, त्यामुळे त्याचं गणित तेव्हा.

घरच्या वेळेला नाव आणि जागा द्या. "मुलांबरोबर वेळ" असं लिहिलं की तो वेळ टीव्हीसमोर जातो. "शनिवारी सकाळी साडेदहा, म्युझियम, देवमासा" असं लिहिलं की जाणं होतं. कमाटी बागेतल्या म्युझियमची इमारत १८९४ची, सयाजीरावांच्या काळातली. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममीही. मुलगा तिथे कितीही वेळा यायला तयार असतो. अशा ठिकाणाला अर्धा दिवस लागत नाही. दीड तास पुरतो, आणि परत येताना खंडेराव मार्केटमधून आठवड्याची भाजीही होते.

दर शुक्रवारी रात्री, किंवा ज्या वेळी सगळे भेटतील तेव्हा, प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: येत्या आठवड्यात तुला माझ्याकडून काय हवंय? एकच मागायची. लेक म्हणते, "बुधवारी माझी विज्ञानाची उजळणी घे." मुलगा म्हणतो, "सेव उसळ खायला जाऊ." सासूबाई म्हणतात, "मला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने ग." ही मागणी लगेच कागदावर जाते, वार आणि वेळेसकट. दोन मिनिटांचं काम आहे. पण मुलांना कळतं की आपलं मागणं आईच्या कामाच्या ओळीच्या वर लिहिलं जातं.

कामाची ओळ: मुदतीपासून मागे या

आता ऑफिस. तारखांच्या धंद्यात पहिला नियम हा, की कागदावर सरकारची तारीख लिहून भागत नाही, शेजारी स्वतःची तारीख लिहावी लागते. मासिक जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, त्याची मुदत ११ तारीख, माझी ८. ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, त्याची मुदत २०, माझी १८. टीडीएस भरायची मुदत ७ (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), माझी ५. शेवटच्या दिवशी सगळा देशच लॉगिन करत असतो. आणि उशीर स्वस्त नाही: ३बी ला दिवसाला ५० रुपये लेट फी, निरंक असेल तर २०, शिवाय राहिलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. कापलेला टीडीएस भरायला एक दिवस उशीर झाला तरी व्याज महिन्याच्या हिशेबाने, दरमहा दीड टक्का.

मग स्वतःच्या तारखेपासून मागे मोजत या. ८ला रिटर्न भरायचं तर ६-७ला तपासणी, म्हणजे नोंदी ५पर्यंत, म्हणजे बिलं ४पर्यंत हातात हवीत. जे काम खरं कॅलेंडरवर लिहायचं ते "रिटर्न भरणे" नाहीच, "बिलं मागणे" हे आहे. मंगळबाजारातला कापडवाला असो की मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) वर्कशॉपवाला, विचारलं की उत्तर एकच, "थई जशे बेन", म्हणजे होऊन जाईल ताई. म्हणून मी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांना एक मेसेज टाकते. गुजरातीत टाकते, पण मजकूर असा: "या महिन्याची विक्रीची बिलं ४ तारखेपर्यंत पाठवा. ४पर्यंत आली तर तुमचं रिटर्न ८ला भरून होईल. नंतर आली तर तुमचा नंबर १० तारखेला." यात राग नाही, धमकी नाही, फक्त रांग कशी लागणार ते स्पष्ट आहे. लोक याला चांगला प्रतिसाद देतात.

ओटीपीचीही वेळ ठरवून घ्या. रिटर्न तयार असतं आणि ओटीपी ज्याच्या फोनवर जातो तो माणूस लग्नात किंवा गाडीवर असतो, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. आदल्या दिवशी कळवा, "उद्या ११ ते ११.३० फोन हातात ठेवा", आणि त्या अर्ध्या तासात एकापाठोपाठ एक भरून टाका. माझं संध्याकाळी साडेसहाला निघणं या एका सवयीवर उभं आहे.

शक्य असेल तिथे मुदतीच कमी करा. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नचा पर्याय घेता येतो. मग जीएसटीआर-१ तिमाही संपल्यावर १३ तारखेला, ३बी गुजरातेत २२ला, आणि मधल्या दोन महिन्यांचा कर २५पर्यंत. ज्यांचे गिऱ्हाईक थेट ग्राहक आहेत अशा दुकानदारांना मी हा पर्याय नेहमी सुचवते. त्यांचंही डोकं शांत राहतं आणि माझे महिन्याचे दोन आठवडे हलके होतात. तुमच्या व्यवसायात याला समांतर काहीतरी असेलच: महिन्याला होणारी जी बैठक तिमाहीला चालेल, रोज जाणारा जो अहवाल आठवड्याला चालेल. ते विचारून बघा.

किती काम लिहायचं? ऑफिसचे आठ तास असले तरी लिहिताना पाचच धरा. बाकीचे फोनात, चौकशीला आलेल्या माणसांत आणि चहात जातात, आणि ती माणसं हाच तर धंदा आहे. शिवाय आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण कोरा सोडा. माझा गुरुवार दुपारचा. सोमवार ते बुधवार जे काही सांडलं ते तिथे भरून निघतं. काही सांडलं नाही तर मी चारला घरी जाते.

सण आणि मुदत एकाच आठवड्यात आले तर

उदाहरण म्हणून २०२६चा सप्टेंबर घ्या, कारण त्यात सगळंच एकत्र आलं आहे. ७ला सोमवारी टीडीएस. ११ला शुक्रवारी जीएसटीआर-१. १४ला सोमवारी गणेश चतुर्थी. १५ला मंगळवारी अग्रिम कराचा दुसरा हप्ता, तोपर्यंत वर्षाच्या अंदाजे कराचे ४५ टक्के भरून झालेले हवेत. त्याच आठवड्यात गौरी. आणि २०ला रविवारी ३बी.

ज्या घरात गणपती आणि गौरी दोन्ही बसतात तिथे १३पासून पुढे बाई कामाला आहे असं धरूच नये. म्हणून हा आठवडा त्या आठवड्यात आखायचा नसतो, तो ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी आखायचा. अग्रिम कराचा अंदाज ४ सप्टेंबरपर्यंत प्रत्येकाला कळवायचा आणि १०पर्यंत चलन भरून घ्यायचं. मग १५ला करायचं काही राहत नाही, आरतीला माणूस घरात असतो. जीएसटीआर-१ ८लाच संपवायचं. ३बी ची अडचण अशी, की खरेदीच्या बिलांची यादी, म्हणजे २बी, पोर्टलवर १४ला तयार होते, त्याआधी शेवटचा मेळ घालता येत नाही. पण कच्चा मेळ घालता येतो: ज्या पुरवठादारांची बिलं दिसत नाहीत त्यांना ९-१०ला फोन करून ती ११च्या आत चढवायला सांगायची. मग १५ आणि १६ला फक्त फरक बघायचा उरतो. गौरीपूजनाचा दिवस पेनने कोरा. त्या दिवशी ऑफिस माझ्याकडच्या मुली सांभाळतात, आणि त्यांच्या घरच्या नवरात्राच्या अष्टमीला मी. २५ला अनंत चतुर्दशी. त्या दिवशी दुपारनंतर दांडिया बाजार-रावपुऱ्यात मिरवणुका असतात, गाडी घालण्यात अर्थ नाही. त्या दिवसाची भेट कोणाला देऊच नये.

उत्तरायणाचंही, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचंही, असंच. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यातला व्यापारी गच्चीवर असतो, फोन उचलत नाही, आणि त्याने उचलूही नये. ओटीपी हवा असेल तर तो १३च्या आत. नवरात्रात लेक गरब्याहून मध्यरात्रीनंतर येते, आम्ही जागे असतो. त्या नऊ दिवसांत सकाळी अकराच्या आधी मी कोणाला वेळ देत नाही, आणि हे आधीच सांगून ठेवते.

जे आठवडे जड जाणार ते घरात आधीच जाहीर करा. ऑडिटच्या अहवालांची ३० सप्टेंबर, पगारदारांच्या रिटर्नची एरवी असणारी ३१ जुलै, या तारखांच्या आधीचे आठ-दहा दिवस मी संध्याकाळी साडेआठपर्यंत ऑफिसात असते. मुलांना ते कागदावर दिसतं, आणि त्याच कागदावर त्यानंतरची सुटीही पेनने लिहिलेली दिसते. नुसतं "आता खूप काम आहे, नंतर बघू" म्हटलं तर मुलं ते ऐकून घेतात, पण वाट बघणं सोडून देतात. तारीख दिली तर वाट बघतात. तेव्हा ती तारीख पाळायचीच.

स्वयंपाक आणि फोन

यावर फार लिहीत नाही. आठवड्याच्या भाज्या शनिवारी येतात, शेंगा आणि पालेभाजी रविवारी सगळे मिळून निवडतात. जड आठवड्यात बुधवारी खिचडी-कढी ठरलेली. काय करायचं हा प्रश्न संध्याकाळी सातला पडू नये, एवढाच हेतू.

सामाईक तासात फोन बैठकीच्या कपाटात. नवऱ्याचा फोन मात्र वाजता ठेवतो, कारण प्लँटवर काही झालं तर बोलावणं येऊ शकतं. मुलांना या फरकाचं कारण सांगितलेलं आहे, म्हणून ती कुरकुर करत नाहीत.

आखणी मोडली तर

मोडते. प्लँटमध्ये कोणी आजारी पडलं की नवऱ्याला डबल शिफ्ट लागते, पोर्टलवर काही अडतं, मुलाला ताप येतो. अशा वेळी अख्खा आठवडा पुन्हा आखत बसू नका. फक्त दोन गोष्टी बघा: पेनने लिहिलेलं काय धोक्यात आलं, आणि गुरुवारच्या कोऱ्या दुपारी काय जाऊ शकतं. बाकीचं पेन्सिलीचं सरळ पुढच्या शुक्रवारवर टाका.

शुक्रवारी नवा कागद आखताना जुना शेजारी ठेवा. जे एकदा पुढे गेलं ते पुन्हा पेन्सिलने लिहा. जे दुसऱ्यांदा पुढे जायला निघालं त्याचा तिथेच निकाल लावा: ऑफिसचं असेल तर दुसऱ्याला द्या किंवा सोडून द्या, घरचं असेल तर पेनने लिहा आणि कामाच्या वेळेत घाला. सासूबाईंचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं असं पुढे जायला लागलं, तर ते शनिवार-रविवारच्या मागे न लावता मंगळवारी सकाळी अकराला टाकायचं, आणि अकरा ते एक ऑफिसातल्या मुलींना सांगून ठेवायचं की बेन बाहेर आहेत, दीडनंतर फोन करतील.